देवरे सरांचा होकार

देवरे सरांच्या तोंडून 'ठीक आहे' हे शब्द मी कधी ऐकले नाहीत. बावीस वर्षं आम्ही एकाच आयटीआयमध्ये होतो. ते वेल्डिंगला, मी टर्नरला. दोन शेडच्या मध्ये फक्त एक पत्र्याची भिंत. चहा कसा झालाय विचारलं तर म्हणत, "गरम आहे." पोरानं केलेला जॉब हातात घेऊन म्हणत, "सरळ आहे." जे बघितलं तेवढंच बोलायचं. न बघितलेल्या गोष्टीबद्दल विचारलं की म्हणायचे, "बघून सांगतो." आणि खरंच बघून सांगत, कधी कधी चार दिवसांनी, आपण विचारलेलं विसरून गेल्यावर.

बुटके, रुंद खांद्यांचे, मनगटं सुताराच्या मोगरीसारखी. कुठल्याही खुर्चीवर बसायच्या आधी ती दोन्ही हातांनी धरून हलवायची सवय. एसटीत बसताना सीटचे बोल्ट चाचपायचे. केतकीचं, म्हणजे त्यांच्या एकुलत्या मुलीचं, लग्न ठरवायला आम्ही नाशिकरोडला गेलो, तेव्हा होणाऱ्या व्याह्यांचा नवाकोरा सोफा त्यांनी सगळ्यांसमोर पुढेमागे हलवून बघितला. विमलवहिनींनी, सरांच्या पत्नीनं, डोळे मिटून घेतले. सर बसले आणि म्हणाले, "डावा पाय ढिला आहे." व्याह्यांनी वाकून बघितलं. होता ढिला.

सर मूळचे सटाण्याजवळच्या एका खेड्यातले. अठराव्या वर्षापर्यंत त्यांनी गिरणा नदीपेक्षा मोठं पाणी बघितलं नव्हतं. मग नौदलात भरती झाले आणि पंधरा वर्षं जहाजांच्या दुरुस्तीत काढली. शिडाच्या बोटी चालवायलाही ते तिथेच शिकले. नोकरी संपवून नाशिकला आले ते शहरी मराठी बोलत. फक्त फार चिडले किंवा फार हलले की अहिराणी बाहेर यायची. "काय शे हे?" असं पत्र्यापलीकडून ऐकू आलं की माझी पोरंसुद्धा मशिनी बंद करून उभी राहत.

एका सव्वीस जानेवारीची गोष्ट सांगतो. झेंडावंदनाला मोठे पाहुणे येणार होते. वेल्डिंगच्या पोरांनी लोखंडी स्टेज बनवलं होतं, वर गालिचा, कडेला झेंडूच्या माळा. पाहुण्यांची गाडी फाटकात शिरायला अर्धा तास असताना सर हातोडी घेऊन स्टेजखाली सरपटत गेले. त्या हातोडीची मूठ सायकलच्या ट्यूबनं गुंडाळलेली असे. आम्हाला खालून टकटक ऐकू येत होती. मग ती एका जागी थांबली. सर बाहेर आले, कपाळाला माती. प्राचार्यांना म्हणाले, "यावर कुणी चढायचं नाही."

"देवरे, दहा मिनिटांचं भाषण आहे हो!"

"एक जोड कच्चा आहे."

"बाकीचे?"

"बाकीचे पक्के आहेत. माणूस मात्र याच जोडावर उभा राहणार."

प्राचार्यांनी हात जोडले, मग आवाज चढवला. सर स्टेजच्या पायरीवर जाऊन बसले आणि उठले नाहीत. पाहुण्यांनी जमिनीवर उभं राहून भाषण केलं. दुसऱ्या दिवशी सरांनी त्या पोराला तो जोड पहारीनं उचकटायला लावला. एका झटक्यात निघाला. पोरगं रडायला लागलं. सरांनी त्याला चहा पाजला आणि त्याच्याकडून तोच जोड पुन्हा करून घेतला.

त्यांचे रविवार गंगापूर धरणावर जात. तिथे शिडाच्या छोट्या बोटी होत्या आणि शिकायला येणारी मुलं. केतकी नऊ वर्षांची असल्यापासून त्याच पाण्यावर शिकलेली. सर बोट बघायचे ती नाकानं. तळाशी डोकं घालून वास घ्यायचे. कुजलेलं लाकूड, डिझेल, कोंडलेला ओलावा, सगळं त्यांना वेगवेगळं कळायचं. समुद्रावरची बोट असली तर तळाशी साचलेल्या पाण्यात हाताचं बोट बुडवून जिभेला लावायचे. गोडं असलं तर पावसाचं किंवा टाकीतलं. खारं असलं तर बोट कुठेतरी फुटलेली. मी पहिल्यांदा बघितलं तेव्हा तोंड फिरवलं होतं.

केतकी आणि तिचा नवरा आदित्य, दोघांचंही काम लॅपटॉपवरचं. तिशीच्या आत त्यांनी ठरवलं की नाशिकचा भाड्याचा फ्लॅट सोडायचा, एक जुनी शिडाची बोट घ्यायची आणि तिच्यातच राहायचं. किनाऱ्यानं कोचीपर्यंत जायचं, तिथून लक्षद्वीप, जमलं तर श्रीलंका. वाटेत शर्यती असतील तिथे उतरायचं. केतकीला शर्यतीचं वेड लहानपणापासून. दोन बोटी त्यांच्या नजरेत होत्या. एक 'अन्नपूर्णा', छत्तीस फुटी, जड, रेवदंड्याच्या खाडीत उभी. दुसरी 'टिटवी', एकतीस फुटी, हलकी, शर्यतीसाठी बांधलेली, मुंबई बंदरात. कुठली घ्यायची हे नानांनी बघून सांगावं, असं केतकी म्हणाली. ती वडिलांना नाना म्हणत असे.

गाडी माझी, म्हणून मी होतो.

निघायच्या सकाळी मी सरांच्या दारात उभा होतो. ते माझ्या गाडीच्या चाकांचे नट तपासत होते. विमलवहिनी डबा घेऊन बाहेर आल्या. त्यांनी डबा माझ्या हातात दिला आणि माझ्यासमोरच सरांना म्हणाल्या, "दोन्हीला नाही म्हणा."

सर उठले नाहीत. "बघून सांगतो."

"बघायचं काय त्यात? नौदलाची ती सगळी वर्षं मी घरी बसून बघितलंय. पत्र आलं की माणूस आहे, नाही आलं की काय समजायचं? आता पोरीसाठी पुन्हा तेच करू? ती माझं ऐकत नाही. तुमचा शब्द मोडणार नाही ती. एकदाच नाही म्हणा."

सर शेवटचा नट आवळून उभे राहिले.  मग ते गाडीत बसले आणि त्यांनी दार लावून घेतलं.

कसारा घाटात एक ट्रक बंद पडला होता, त्यामागे आम्ही अडकलो.  सर अचानक म्हणाले, "शिरसाठ, मी एकदा न बघता हो म्हणालोय."

मी इंजिन बंद केलं.

नौदल सोडल्यावर लगेचची गोष्ट. करंजाला त्यांचा एक मित्र होता, त्यानं जुनी बोट घेतली आणि सरांना बघायला बोलावलं. सुकाणूचा दांडा जिथून जातो तिथली फळी स्क्रूनं गच्च बसवलेली होती. मित्राची बायको जेवायला थांबली होती, उन्हं चढली होती. मित्र म्हणाला, "अरे, तिथे काही नसतं." सरांनी फळी उघडली नाही. चांगली आहे म्हणाले आणि जेवायला गेले. दोन महिन्यांनी भर पाण्यात तो दांडा मोडला. सुकाणू सांभाळायला मित्रानं हात घातला. डावा हात मनगटापासून गेला.

"त्यानं मला कधी दोष दिला नाही," सर म्हणाले. "दिला असता तर बरं झालं असतं."

ट्रक हलला. मी गाडी सुरू केली.  

रेवदंड्याला केतकी आणि आदित्य आधीच पोचले होते. 'अन्नपूर्णा' खाडीत संथ उभी होती आणि खरं सांगतो, मला बोटीतलं काही कळत नाही, पण मलाही ती आवडली. आत उतरलं की सागवानी घरच. ताठ उभं राहता येईल एवढी उंची, दोन चुलींची शेगडी, निजायला दोन खोल्या, पुस्तकांचं कपाट, आठवडाभर पुरेल एवढी पाण्याची टाकी. मालक कर्णिक नावाचे गृहस्थ होते, सत्तरीचे, अगत्यशील. गुडघ्यांमुळे विकतोय म्हणाले. त्यांनी सगळ्यांना कॉफी दिली. केतकी शेगडीपाशी उभी राहून भांड्यांचे खण उघडत होती, बंद करत होती. तिच्या चेहऱ्यावरून कळत होतं की मनानं ती राहायला आली होती.

सरांनी तीन तास घेतले. डोलकाठीपासून सुरुवात, मग तिला ताणून धरणाऱ्या तारा, मग शिडं, मग हातोडीनं सगळा सांगाडा वाजवला. शेवटी त्यांनी आतल्या जमिनीची फळी उचलली आणि खाली डोकं घातलं. बराच वेळ बाहेर काढलं नाही.

आम्ही जवळ गेलो. खाली सिमेंट होतं, गुळगुळीत घोटलेलं, वरून करडा रंग. कोरडं ठणठणीत.

"हे सिमेंट कुणी घातलं?"

"आधीच्या मालकानं," कर्णिक म्हणाले. "मी घेतली तेव्हापासून असंच आहे."

"आणि कीलचे बोल्ट?"

शिडाच्या बोटीच्या पोटाखाली लोखंडाचा एक जड पंखा असतो. तिला कील म्हणतात. वाऱ्यानं बोट कलली की तिच्या वजनानं ती परत सरळ होते. ती बोटीला जाड बोल्टांनी धरलेली असते. तेवढं मला त्या दिवशी समजलं.

"सिमेंटच्या खाली," कर्णिक म्हणाले.

"एका ठिकाणी फोडून बघू?"

कर्णिक हसले, पण मान हलवली. "ते घेतल्यावर करा, देवरे. न विकलेली बोट मी फोडून कशी देऊ?"

त्यांचंही बरोबरच होतं. सरांनी फळी परत बसवली. हात पुसले. केतकीकडे बघून म्हणाले, "ही नको."

"का? काय दिसलं?"

"काही दिसलं नाही, म्हणूनच."

 केतकी हळू आवाजात म्हणाली, "आईनं सांगितलं होतं ना?"

 सर खोटं बोलू शकले असते. एका शब्दात प्रकरण मिटलं असतं.

"सांगितलं होतं," सर म्हणाले. "पण हे त्यासाठी नाही."

"मग कशासाठी? तीन तास तुम्ही हिला वाजवताय. एक स्क्रू ढिला निघाला नाही. आणि जे दिसत नाही त्याच्यावरून नाही म्हणताय. उद्या टिटवी बघायला गेलो की तिथेही काहीतरी न दिसलेलं सापडेल." तिनं उघडा खण ढकलून बंद केला. "मी लहानपणापासून तुमच्या शब्दावर पाण्यात उतरलेय, नाना. तुम्ही असं कराल असं वाटलं नव्हतं."

आदित्यनं तिच्या खांद्यावर हात ठेवला. तिनं तो काढला. कर्णिकांकडे वळून म्हणाली, "उद्या सकाळी समुद्रात नेऊन बघू. चांगली चालली तर आम्ही घेतोय."

सर म्हणाले, "मी येतो."

त्या संध्याकाळी सर जेवले नाहीत. लॉजच्या ओट्यावर बसून राहिले. मी म्हणालो, "सर, तुमचं चुकत असेल तर?" ते म्हणाले, "तर फार बरं."

सकाळी आम्ही पाच जण निघालो. केतकी सुकाणूवर, आदित्य दोऱ्यांवर, कर्णिक तिच्या शेजारी. सरांनी मला आपल्याबरोबर आत घेतलं. त्यांनी जमिनीची फळी उचलून बाजूला ठेवली आणि वर बघून म्हणाले, "कर्णिक, तळाचा पंप बंद ठेवू या."

"तो आपोआप चालतो. कशाला बंद करायचा?"

"किती येतं ते कळू द्या."

कर्णिकांनी बटण बंद केलं. खाडीच्या तोंडापर्यंत सगळं छान होतं. मग समुद्र सुरू झाला, वारा भरला आणि बोट कलली. मी कडेचा कप्पा धरून बसलो. सर गुडघ्यांवर बसून, हातात बॅटरी घेऊन त्या सिमेंटकडे बघत होते. वर केतकी हसत होती, ते मला ऐकू आलं. बोट सुरेख चालली होती.

"वळव," सर खालून ओरडले. "दुसऱ्या बाजूनं वारा घे."

बोट वळली, शीड फडफडून पलीकडे गेलं, आणि बोट दुसऱ्या अंगावर कलली. तेव्हा पायाखालून आवाज आला. टक्. फार मोठा नाही; दाराची कडी पडावी तेवढाच.

सरांनी माझ्याकडे बघितलं. "ऐकलंस?"

मी मान डोलावली.

"परत वळव!"

पुन्हा तोच आवाज. आता सिमेंटच्या कडेनं केसाएवढी रेघ दिसत होती, आणि रेघेतून पाणी वर येत होतं. आम्ही बघत असताना ते पेरभर झालं. सरांनी त्यात बोट बुडवलं, जिभेला लावलं. मग कमालीच्या शांत आवाजात म्हणाले, "केतकी, सुकाणू आदित्यकडे दे. खाली ये."

ती आली. आत्तापर्यंतचं हसू अजून चेहऱ्यावर होतं. तिनं खाली बघितलं आणि ते गेलं. सर काही बोलले नाहीत, नुसते सरकून बसले. तिनं वाकून पाण्यात बोट बुडवलं आणि जिभेला लावलं.

"खारं," ती म्हणाली.

"कील हलतेय. पुढच्या दोन-चार वळणांत सुटेल किंवा सुटणार नाही. सुटली तर बोट आडवी होईल, तेव्हा खाली कुणी असता कामा नये. आता तूच सांग काय करायचं. बोट तू चालवतेयस, मी नाही."

मी आजवर त्या मुलीला भाऊबीजेला, वाढदिवसाला बघत आलो होतो. त्या वेळी मी पहिल्यांदा तिला बघितलं. तिनं फक्त एक श्वास घेतला आणि वर गेली. "शिडं खाली! सगळी! इंजिन सुरू. कर्णिककाका, पंप चालू करा. आता हिला कलू द्यायची नाही, लाटा मागून घ्यायच्या. शिरसाठकाका, तुम्ही वर या, जॅकेट घाला. नाना, तुम्हीपण."

"मी इथे पाणी बघतो."

"नाना, वर या!"

सर वर आले. मुलीच्या हुकुमानं त्यांनी केलेली ती मी पाहिलेली पहिली गोष्ट.

खाडीचं तोंड दिसत होतं आणि जवळ येत नव्हतं. पंप घरघरत होता, तरी फळ्यांवर पाणी चढलं. आदित्य आणि मी दारातून वाकून बादलीनं उपसत होतो. प्रत्येक मोठ्या लाटेला बोट जराशी कलायची आणि खालून तो आवाज यायचा. कर्णिक पांढरेफटक पडले होते. मध्येच ते म्हणाले, "मी नातीला नेत होतो हिच्यात. दर रविवारी."  सर केतकीच्या शेजारी उभे होते. तिला ते काही सांगत नव्हते. फक्त मागून येणारी लाट बघून म्हणत, "आली," आणि ती सुकाणू सांभाळत होती. आली. आली. आली. चाळीस मिनिटं तेवढा एकच शब्द.

तिनं बोट खाडीत आणली आणि सरळ चिखलात घुसवली.

ओहोटी लागल्यावर बोट एका अंगावर टेकली. आम्ही चिखलातून चालत जाऊन बघितलं. कील आणि बोटीचं पोट यांच्यात फट पडली होती. आदित्यनं खिशातली किल्ली त्यात घातली, सहज गेली. आत बोल्ट होते, पण पेन्सिलीएवढे बारीक झालेले, गंजून पापुद्रे सुटलेले.

केतकी चिखलात उभी राहून रडत होती. "नाना, मला वाटलं..."

"वाटणारच," सर म्हणाले. "तुझ्या आईनं सांगितलंच होतं मला."

कर्णिकांनी ती बोट विकली नाही. मोडीत काढली, असं नंतर कळलं.

दोन आठवड्यांनी आम्ही 'टिटवी' बघायला निघालो. या वेळी वहिनी दारात आल्या, डबा दिला, आणि एवढंच म्हणाल्या, "आता तर ती तुमचं ऐकेलच."

हे खरं होतं आणि मला घाटभर तेच खात होतं. रेवदंड्यानंतर सर जे म्हणतील ते केतकी डोळे मिटून मानणार होती. त्यांनी बोटीकडे नुसतं बघून नाक मुरडलं असतं तरी पुरे होतं. मुलगी नाशिकला राहिली असती, गंगापूर रोडला कुठेतरी फ्लॅट घेतला असता, रविवारी जेवायला आली असती. आणि कधीही कुणालाही कळलं नसतं.

'टिटवी'चा मालक लोबो नावाचा जुना शर्यतबाज होता, कमी बोलणारा. बोट अरुंद, आत मला वाकूनच उभं राहता येत होतं. एक चूल. निजायला लांबट कप्पे. पाण्याची टाकी एवढीशी. खाली मात्र सगळं उघडं होतं. कीलचे बोल्ट एका ओळीत, स्वच्छ, ज्याला बघायचं त्यानं बघावं असे.

सरांनी पाच तास घेतले. तेव्हा माझ्या लक्षात आलं की ते बोट तपासत नाहीत. ते खोट शोधताहेत. प्रत्येक बोल्ट त्यांनी पाना लावून बघितला. हातोडी वाजवत तीच जागा तीनदा वाजवली. अडुसष्टाव्या वर्षी पट्ट्यात बसून आदित्यकडून स्वतःला डोलकाठीच्या टोकापर्यंत ओढून घेतलं, आणि तिथे बराच वेळ लटकत राहिले. मग खाली आले. तारा बदलायला झाल्यात, म्हणाले. तेवढंच.

मग पुढच्या बाजूला, दोर बांधायच्या कडीजवळ, हातोडीचा आवाज बदलला. टणटण होती तिथे थप् आलं. सर थांबले. पुन्हा वाजवलं. थप्. त्यांनी खिशातून खडू काढला आणि आतून भिजून मऊ झालेल्या जागेभोवती रेघ ओढायला लागले. रेघ पूर्ण झाली तेव्हा आत तळहाताएवढी जागा होती. दुरुस्त करायला दोन दिवसांचं काम, हे मलासुद्धा कळत होतं.

केतकी मागे उभी होती.  चेहरा असा की निकाल काहीही असो, ती वाद घालणार नव्हती.

सर खडू हातात धरून तिथेच उकिडवे बसले. मला जवळ बोलावलं आणि फक्त मला ऐकू येईल असं म्हणाले, "शिरसाठ, एक शब्द पुरे शे. ही रेघ जरा मोठी काढली का झालं."

मी त्या रेघेकडे बघितलं. 

"मनी पोर शे ती," ते म्हणाले. माझी पोर आहे ती, हे कुणाला सांगत होते, ठाऊक नाही.

मग त्यांनी खडू खिशात टाकला, उठले आणि केतकीकडे वळले. "एवढी जागा कापून नवी भरायची. तारा बदलायच्या. राहायला त्रास होईल; डोकं आपटेल, पाणी पुरवून वापरावं लागेल, निम्मं सामान टाकून द्यावं लागेल. हिची कील खोल जाते, उथळ खाड्यांत ही शिरणार नाही, तेव्हा वादळ दिसायच्या आधी बंदर गाठायचं." मग हातोडी खाली ठेवली. "बोट चांगली आहे. तुला परत आणील."

केतकीनं त्यांना मिठी मारली. त्यांचे हात बाजूलाच लोंबत होते.

घरी पोचलो तेव्हा वहिनी कढी ढवळत होत्या. त्यांनी पाठ न वळवता विचारलं, "काय म्हणालात?"

"चांगली आहे म्हणालो."

वहिनींनी गॅस बंद केला आणि आतल्या खोलीत निघून गेल्या. त्या दिवसापासून त्या सरांशी बोलल्या नाहीत. स्वयंपाक करत, कपडे इस्त्रीला टाकत, औषध वेळेवर ठेवत. पण शब्द नाही. मी गेलो की मला सांगायच्या, "भाऊ, त्यांना सांगा चहा झालाय." सर समोरच बसलेले असायचे. मी सांगायचो. सर चहा घ्यायचे. असं आठ महिने चाललं. त्या आठ महिन्यांत सर पंधरा दिवसांआड सकाळच्या गाडीनं मुंबईला जात. ती मऊ जागा त्यांनी स्वतः भरली. घडीचं टेबल केलं, निजायचे कप्पे रुंद केले, भांडी लाटेत उडू नयेत म्हणून पट्ट्या लावल्या.

केतकी आणि आदित्य कोचीला पोचले, लक्षद्वीपला जाऊन आले, एका शर्यतीत तिसरे आले. वाटेत दोनदा वाईट वादळात सापडले आणि दोन्ही वेळा निभावले. हे सगळं मला फोनवरून कळत गेलं, कारण ते निघाल्यावर लगेच माझी मनमाडला बदली झाली. सर त्यानंतर दोन वर्षांनी झोपेत गेले, मला शेवटचं भेटताही आलं नाही. म्हणून माझ्या डोळ्यांसमोर सर राहिलेत ते बोट निघाली त्या दिवसाचे.

नोव्हेंबरची सकाळ होती. वहिनी येणार नाहीत असंच मी धरून चाललो होतो, पण त्या गाडीत येऊन बसल्या. मागच्या सीटवर, मांडीवर चिवड्याचे आणि मेतकुटाचे डबे. बंदरावर पोचल्यावर त्या केतकीचा हात धरून बोटीत उतरल्या, आत जाऊन सगळं बघून आल्या. चुलीकडे बघून म्हणाल्या, "इथे भाकरी कशी थापणार तू?" केतकी म्हणाली, "भात करीन, आई." वहिनींनी तिच्या केसांवरून हात फिरवला आणि धक्क्यावर परत आल्या.

शेवटचा दोर सरांच्या हातात होता. इंजिन सुरू झालं. आदित्य पुढे उभा. केतकी सुकाणूवरून ओरडली, "नाना, सोडा!"

सरांनी सोडला नाही. मला वाटलं, ऐकू आलं नसेल.

"नाना, दोर सोडा!"

दोर ताणला गेला. बोटीचं तोंड हळूहळू धक्क्याकडे वळायला लागलं. सर पाय रोवून उभे होते, दोन्ही मनगटांना दोराचा वेढा, आणि बोटीकडे असे बघत होते की जणू तिच्यातलं काहीतरी बघायचं राहून गेलंय. मी पुढे निघालो. पण माझ्याआधी वहिनी त्यांच्याजवळ गेल्या. त्यांनी सरांच्या मुठीवर हात ठेवला.

"अहो," त्या म्हणाल्या. "सोडा आता."

सरांनी वळून त्यांच्याकडे बघितलं. मग मनगटाचा वेढा उलगडला, एक, दुसरा, आणि मुठी उघडल्या. दोर सरसरत पाण्यात गेला. आदित्यनं तो ओढून घेतला. बोट वळली, थोड्या अंतरावर शीड चढलं, वाऱ्यानं भरलं. सर तळहात कपड्यांना पुसत होते. दोरानं सोलले होते. वहिनींनी पदराचं टोक ओलं केलं आणि त्यांचा हात आपल्या हातात घेतला.